अर्ध्या युनिटाची पेटी

गणित या विषयाशी माझे कधीच जमले नाही. दहावीला त्याने मला कसेबसे सोडले आणि मग मीही त्याला सोडले. कला शाखेच्या प्रवेशअर्जावर सही करताना मनात पहिला विचार आला तो हाच, की चला, आता वहीत आकडे येणार नाहीत! पण माणूस ज्याच्यापासून पळतो ते त्याला घरी येऊन गाठते म्हणतात. मला गणिताने गाठले ते आमच्या ओटीवर, तात्यांच्या जमाखर्चाच्या वहीत.

तात्या म्हणजे माझे आजोबा. श्रीवर्धन तालुक्यात, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर आमचे घर आहे. मागे नारळ-सुपारीची वाडी. तात्यांनी सारा जन्म त्या वाडीला पाणी लावण्यात घालवला. विडी नाही, तंबाखू नाही, खाणे मोजके. तरी पन्नाशीनंतर दमा त्यांच्या मागे लागला तो लागलाच. पावसाची हवा सुटली की छातीत घरघर सुरू होते. मग फडताळातून ते औषधाची वाफ देणारे यंत्र बाहेर निघते. डॉक्टर त्याला नेब्युलायझर म्हणतात. ते सुरू झाले की भुंग्यासारखा गुणगुणत राहते, म्हणून तात्या त्याला 'भुंगा' म्हणतात. "भुंग्याला आण गं" असे ते म्हणाले की घरात सगळ्यांना कळते, आज तात्यांना बरे नाही.

भुंग्याला वीज लागते. आता ही गोष्ट काय सांगायला हवी? पण आम्हांला ती ३ जून २०२० या दिवशी कळली.

ते टाळेबंदीचे दिवस होते. शाळा बंद, एस.टी. बंद. मी तेव्हा नववीतून दहावीत गेले होते. 'निसर्ग' नावाचे वादळ येणार असे रेडिओवर सांगत होते. दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा म्हणजे काय, हे पुस्तकात वाचून समजत नाही. आधी पाणी आडवे येऊ लागले. मग कौले उडाली. मग वाडीतून कडाड्‌कड असे आवाज सुरू झाले. सुपारीची झाडे एकामागून एक मोडत होती. तात्या माजघरात भिंतीला टेकून बसले होते आणि प्रत्येक आवाजाला नुसते "गेलं" म्हणत होते. सुपारीचे झाड लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षे जातात. ऐंशीच्या घरातला माणूस ते "गेलं" कोणत्या हिशेबाने म्हणत असेल, हे मला पुष्कळ नंतर समजले.

विजेचे खांब कुठे आडवे, कुठे तिरके. ताराही झाडांत गुरफटलेल्या. वायरमन लोक दिवसरात्र राबत होते, बाहेरच्या जिल्ह्यांतूनही माणसे आली होती. पण पडलेले होते ते का थोडे होते! आमच्या आळीत दिवा लागला तो पंचविसाव्या दिवशी.

त्या पंचवीस दिवसांत भुंग्याचे काय? आळीच्या टोकाला एक खानावळ आहे. तिथल्या काकांकडे डिझेलवर चालणारा जनरेटर होता. ते सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी एक तास तो लावीत. बाबांचा टेम्पो पडलेल्या माडांमागे अडकलेला, म्हणून मोटारसायकलवर पुढे बाबा, मध्ये तात्या आणि मागे छातीशी भुंगा धरून मी, अशी आमची वरात दोन वेळा निघे. काकांनी कधी एक पैसा घेतला नाही. उलट तात्यांना खुर्ची द्यायचे आणि काकू चहा द्यायच्या.

सहाव्या दिवशी डिझेल संपले. त्या रात्री धो धो पाऊस. घराच्या अर्ध्या भागावर ताडपत्री, तिच्यावर पाण्याचा ताशा वाजतो आहे. तात्या गुडघ्यांवर दोन्ही हात रोवून रात्रभर बसून होते. आडवे होताच येईना. आजी पाठ चोळीत होती. आई पंपाचे औषध त्यांच्या तोंडात मारून पाहात होती, पण श्वास इतका तोकडा की औषध घशातच राही. समईच्या उजेडात मी त्यांचे श्वास मोजीत बसले होते. दुसरे काही करण्यासारखे माझ्याजवळ नव्हते. पहाटे पाऊस उतरला, बाबा कुठूनसे पाच लिटर डिझेल घेऊन आले आणि भुंगा वाजला. त्या यंत्राची ती भुणभुण मला तेव्हा जितकी गोड वाटली, तितके कुठलेही गाणे आजवर वाटलेले नाही.

पुढच्या वर्षी, मे २०२१ मध्ये 'तौक्ते' वादळ आमच्या समोरून समुद्रातून गुजरातकडे गेले. आम्ही थोडक्यात बचावलो, पण वीज तीन दिवस नव्हतीच. तेव्हा बाबा म्हणाले, "आता काहीतरी घ्यायचंच."

काय घ्यायचे, हा प्रश्न मात्र दोन वर्षे लोंबकळत राहिला. जनरेटर घ्यावा तर डिझेल साठवायचे कुठे आणि धूर तात्यांना कसा चालायचा? मग २०२३ च्या दिवाळीत पुण्याहून माझा आतेभाऊ आला. त्याला आम्ही दादा म्हणतो. दादाला डोंगर चढण्याचे वेड. राजमाचीला तंबू ठोकून राहायचे, रात्री ताऱ्यांची छायाचित्रे काढायची, असले उद्योग. त्याच्याजवळ एक करड्या रंगाचा ठोकळा होता. वर मूठ, पुढे आपल्या भिंतीवर असतात तशी प्लगची भोके, आणि आत वीज! "याला पोर्टेबल पॉवर स्टेशन म्हणतात," दादा म्हणाला. आजीने ते नाव दोनदा म्हणून पाहिले आणि सोडून दिले. "पेटी म्हण की सरळ," ती म्हणाली. कोकणात आंबा पेटीतून जातो, भजनालाही पेटीच असते. त्यात ही आणखी एक.

दादाने भुंगा त्या पेटीला लावला. भुंगा वाजला. घरात कुणी काही बोलले नाही. बाबांनी एवढेच विचारले, "केवढ्याला?"

इथून गणित सुरू झाले. दादाची पेटी लहान होती. डोंगरावर दोन रात्री कॅमेरा, फोन आणि एक दिवा यांना पुरेल एवढी. आम्हांला कोणती हवी? बाजारात तर टिफिनएवढ्यापासून ट्रंकेएवढ्यापर्यंत पेट्या. प्रत्येकीवर दोन आकडे लिहिलेले, एक वॉटचा आणि एक वॉट-तासांचा. बाबा म्हणाले, "मोठा आकडा असेल ती घेऊ." दादा हसला. म्हणाला, "मामा, वॉट-तास म्हणजे टाकी. आत पाणी किती मावतं ते. आणि वॉट म्हणजे नळ. एका वेळी धार केवढी पडेल ते. टाकी मोठी पण नळ बारीक, किंवा नळ मोठा पण टाकी एवढीशी, दोन्ही फुकट."

मला आयुष्यात प्रथमच गणितातले काहीतरी ऐकता ऐकता समजले. मी विचारले, "आणि आपल्या विजेच्या बिलातलं युनिट?"

"हजार वॉट-तास म्हणजे एक युनिट."

म्हणजे पाचशे वॉट-तासांची पेटी म्हणजे अर्धा युनिट! त्या पेटीची किंमत तेव्हा चाळीस हजारांच्या आसपास होती. आजी हे ऐकून उडालीच. "अर्ध्या युनिटाला चाळीस हजार? बिलात तर युनिट थोड्या रुपयांत येतं!" तिचे काही चुकत नव्हते. तारेतून येणारी वीज स्वस्त असते, कारण ती साठवायची नसते. धरून ठेवलेल्या विजेची किंमत ती धरून ठेवणाऱ्या भांड्याची असते. विहिरीचे पाणी फुकट, पण ते वाळवंटात न्यायचे तर पखालीचे पैसे पडतात.

बाबांचा कल घरच्या इन्व्हर्टरकडे झुकू लागला. त्याची बारा व्होल्टची दीडशे अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी कागदावर अठराशे वॉट-तासांची, म्हणजे आमच्या पेटीच्या तिप्पट-चौपट, आणि पैसे पुष्कळ कमी. हा मुद्दा वजनदार होता. बॅटरीही वजनदार होती, पन्नास किलोंच्या वर. रोज तासभर वीज जाणाऱ्या घराला तीच योग्य, हे दादानेही कबूल केले. पण तात्या इतका वेळ गप्प होते, ते म्हणाले, "वादळाच्या दिवशी आपण घरात होतो का?"

खरेच की. कौले उडाल्यावर आम्ही दोन रात्री टेकडीवरच्या शाळेत काढल्या होत्या. घरात घोटाभर पाणी होते. इन्व्हर्टर असता तर पाण्यात उभा राहिला असता आणि आम्ही शाळेत. तात्यांनी मग अट घातली, "जी पेटी सूनबाईला एका हातानं उचलून शाळेपर्यंत नेता येईल, तीच घ्यायची. तू महिन्यातले निम्मे दिवस टेम्पो घेऊन मुंबईला असतोस." मूठ असलेल्या वस्तूची खरी किंमत त्यांनी अशी एका वाक्यात सांगितली.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी जमाखर्चाची वही काढली. सुपारीचे मण आणि नारळांचे शेकडे ज्या वहीत मांडायचे, तिच्यात एका कोऱ्या पानावर त्यांनी मला लिहायला सांगितले. "काय काय चालवायचं आहे ते मांड. आधी खर्च, मग जमा."

मी घरभर फिरून प्रत्येक वस्तूच्या पाठीवरचे आकडे टिपले. भुंगा १५० वॉट; दिवसातून चार वेळा पंधरा-पंधरा मिनिटे, म्हणजे एक तास, म्हणजे १५० वॉट-तास. नऊ वॉटचे दोन दिवे पाच तास, ९०. तीन फोन, प्रत्येकी १५ प्रमाणे ४५. बेरीज २८५. मग टेबलपंखा, ५० वॉट, सहा तास, म्हणजे एकट्याचे ३००! मी चकित झाले. ज्याला आपण वारा म्हणून हिशेबातच धरीत नाही, तो सगळ्या घराहून जड निघाला. फ्रिज आणि विहिरीवरचा पंप यांची तर गोष्टच सोडा. ती यंत्रे सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढतात. लहान पेटी तिथेच मान टाकते.

आणि जमा? पेटीवर ५१२ लिहिलेले असले तरी बॅटरीतली वीज घरगुती विजेत बदलताना काही भाग वाटेत खर्च होतो. दादाने सांगितले, शेकडा पंच्याऐंशी हाती येईल असे धर. पाचशेचे सव्वाचारशे. म्हणजे पंख्यासकट एक दिवससुद्धा नाही. पंख्याविना दीड दिवस. आणि नुसता भुंगा चालवला तर जवळजवळ तीन दिवस.

तात्यांनी पंख्याच्या ओळीवर काट मारली. "विंझणा आहे," ते म्हणाले.

बाबांच्या मनात आणखी एक भीती होती, ती त्यांनी त्या दिवशी बोलून दाखवली. २०२१ मध्ये ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रांची नावे सगळ्यांच्या तोंडी झाली होती. उद्या तात्यांना तसे यंत्र लागले तर? मी मांडून पाहिले. मिनिटाला पाच लिटर देणारे यंत्र साधारण ३५० वॉट घेते. आमची पेटी सव्वा तासही पुरणार नाही. हजाराची घेतली तरी अडीच तास. पान हातात धरून बाबा बराच वेळ बसले होते. मग आम्ही तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "तशी वेळ आज तरी नाही. आली, तर घरात भरलेला सिलिंडर ठेवायचा. पेटीच्या भरवशावर राहायचं नाही." आणि मग त्यांनी कपाटातून प्लास्टिकचे एक नळकांडे काढले. त्याला स्पेसर म्हणतात. पंपाचे औषध आधी त्या नळकांड्यात सोडायचे आणि मग सावकाश ओढून घ्यायचे, म्हणजे श्वास तोकडा असला तरी ते छातीत उतरते. पुष्कळ रोग्यांना यातून मिळणारा गुण यंत्राइतकाच असतो. किंमत काही शे रुपये. "ज्याला वीज लागत नाही ते आधी घ्या," डॉक्टर म्हणाले, "यंत्र आणि पेटी त्याच्या मागे."

मला त्या सहाव्या रात्रीची आठवण झाली. ते नळकांडे तेव्हा घरात असते तर! आम्ही विजेसाठी रानोमाळ झालो होतो आणि उत्तर कदाचित बिनविजेचे होते. तेव्हापासून आमच्या यादीत पहिल्या ओळीवर स्पेसर आहे. पण तात्यांचे हात थरथरतात, दम चढला की नळकांडे तोंडाशी धरवत नाही. म्हणून भुंगाही हवाच, आणि पेटीही.

शेवटी पेटी ठरली. ५१२ वॉट-तासांची, एका वेळी ५०० वॉट देणारी, सात किलोंची. ती निवडताना दादाने आणखी तीन गोष्टी पाहायला लावल्या. आतून निघणारी वीज घरच्यासारखी शुद्ध लाटेची आहे ना, कारण ओबडधोबड लाटेवर मोटारीची यंत्रे तापतात आणि कुरकुरतात. दुसरे, आतली बॅटरी लोह-फॉस्फेटची आहे ना. ही जात थोडी जड असते, पण हजारो वेळा भरली-रिकामी केली तरी टिकते आणि सहसा पेट घेत नाही. या जातीचा शोध १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. तो लावणाऱ्यांतले जॉन गुडइनफ यांना लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी २०१९ मध्ये नोबेल मिळाले, तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. हे ऐकून तात्या म्हणाले, "मग मी अजून पोरच!" तिसरे, पेटी भरायच्या वाटा किती. घरची वीज, बाबांच्या टेम्पोतले बारा व्होल्टचे भोक, आणि ऊन.

उन्हाचे मात्र मी स्वतः पाहिले. शंभर वॉटचा घडीचा सौरपत्रा दादाने उसना दिला होता. लख्ख उन्हात त्याचे साठ-पासष्ट वॉट येत. जूनमध्ये ढग भरून आल्यावर पाहिले, तर पंधरा! वादळ काही ऊन घेऊन येत नाही. म्हणून आमचा नियम ठरला, की वादळाची बातमी कानावर आली की त्याच दिवशी पेटी काठोकाठ भरायची. ऊन हे नंतरच्या दिवसांसाठी. पत्रा आम्ही घेतला, पण त्याच्यावर विसंबलो नाही. एरवी पेटी माळ्यावर असते, अर्ध्याहून थोडी जास्त भरलेली, आणि दर तीन महिन्यांनी खाली उतरते. ती पाण्याला भिते, म्हणून तिला गुंडाळायला एक जाड प्लास्टिकची पिशवीही आहे.

मी गेल्या वर्षी मावशीकडे दिल्लीला जायला निघाले, तेव्हा बाबा म्हणाले, पेटी घेऊन जा. ती विमानात चालत नाही, हे मी त्यांना ऐटीत सांगितले. शंभर वॉट-तासांपर्यंतची बॅटरी हातातल्या सामानात नेता येते, त्यापुढे एकशे साठपर्यंत विमान कंपनीच्या परवानगीने. त्याहून मोठी मुळीच नाही. फोनची नेहमीची वीस हजार मिलिअँपिअर-तासांची बॅटरी चौऱ्याहत्तर वॉट-तासांची, ती चालते. "आकडे पाठ झाले की तुझे," बाबा म्हणाले.

पण सगळ्यांत महत्त्वाची ओळ मी अजून सांगितलीच नाही. खरेदीच्या आदल्या रात्री मी वही मिटत होते, तेव्हा तात्यांनी ती मागून घेतली आणि २८५ च्या बेरजेखाली थरथरत्या अक्षरांत लिहिले, 'शेजार – ६०'. मी म्हटले, "तात्या, हे काय?" ते म्हणाले, "चार फोनांचे साठ होतात ना? तू पंचेचाळीस तिघांचे धरलेस, त्यावरून काढले." हिशेब बरोबर होता. मी म्हटले, "पण आपल्यालाच पुरेल न पुरेल..." ते काही बोलले नाहीत. बेरीज ३४५ करून त्यांनी वही मिटली.

२०२४ च्या पावसाळ्यात आळीचे रोहित्र जळाले. अडीच दिवस अंधार. पेटी माळ्यावरून उतरली. भुंगा चार वेळा वाजला, एक दिवा लागला, आणि ओटीवर ठरल्याप्रमाणे चार फोन लागले. दुसऱ्या संध्याकाळी खानावळीचे काका आले. त्यांचा जनरेटर आताशा दमला आहे, तो सुरूच होईना. मुलीचा फोन येणार होता आणि त्यांचा फोन पार मेला होता. अर्ध्या तासाने फोन घेऊन उठताना ते संकोचाने म्हणाले, "तात्या, महागाची वस्तू आहे तुमची. काही द्यायचं का?"

तात्यांच्या तोंडाला भुंग्याची वाफ लावलेली होती. त्यांनी ती बाजूला केली, एक श्वास घेतला, आणि म्हणाले, "वहीत तुमच्या नावावर अजून बरंच जमा आहे."

काका गेले. पेटीवर आकडा उरला होता ३१. मी दिवा मालवला आणि भुंगा संपेपर्यंत अंधारातच तात्यांजवळ बसून राहिले.